पोहे कच्चे नसतातच

गडावर सकाळी कुणी पिशवीतले कोरडे पोहे मूठभर तोंडात टाकले, की शेजारचा हमखास टोकतो, "अरे, कच्चे नको खाऊस, पोटात फुगतील." हा समज इतका पक्का आहे की माणसं शेगडी, गॅसचा डबा, कढई आणि तेलाची बाटली पाठीवर घेऊन गड चढतात. ज्यांना हे ओझं नको, ती दुकानातून शे-दोनशे रुपयांचं 'ट्रेक मील'चं चकचकीत पाकीट आणतात. गरम पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, खा! पण कोरडे पोहे मुळात शिजलेलेच असतात. त्या पाकिटातल्या तयार भाताला जे जमतं, ते आपल्या पोह्यांना पिढ्यानपिढ्या जमतंय.

पोहे शिजलेले कसे, हे कळायला आधी तांदूळ शिजतो म्हणजे काय होतं ते पाहू. तांदळाच्या दाण्यात स्टार्चचे कण ठासून भरलेले असतात. एकेक कण जेमतेम 3 ते 8 मायक्रोमीटरचा. त्यात दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक, जवळजवळ सरळ साखळी, आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेलं झाड. या फांद्यांची टोकं दोन-दोन मिळून पीळ घालतात आणि असे पीळ शेजारी शेजारी रचून त्यांचे स्फटिक बनतात. ही रचना इतकी घट्ट असते, की थंड पाणी दाण्यात मुरलं तरी या स्फटिकांत शिरत नाही आणि आपल्या लाळेतल्या व स्वादुपिंडातल्या अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या विकरालाही तिथं सहज पोचता येत नाही. कच्चे तांदूळ पचायला जड जातात ते म्हणूनच. भरपूर पाण्यात तापमान साधारण 60 ते 78 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, की हे स्फटिक वितळतात, कण फुगतात आणि अमायलोज बाहेर झिरपतं. शास्त्रज्ञ याला जिलेटिनीकरण म्हणतात. घरी आपण म्हणतो, भात शिजला.

आता पेणसारख्या गावातली पोह्यांची गिरणी डोळ्यांसमोर आणा. साळ रात्रभर भिजत घालतात. उपसून निथळली की भट्टीवरच्या कढईत तापलेल्या वाळूत भाजतात आणि गरम आहे तोवरच चेपतात. पूर्वी हे काम उखळ-मुसळ करायचं, आता यंत्राची फिरती चाकं करतात. मग पाखडून टरफल वेगळं करायचं. भाजताना दाण्यात बाहेरून पाणी येत नाही, रात्रभर मुरलेलं असतं तेवढंच. स्टार्चची गंमत अशी, की पाणी कमी असेल तर त्याचे स्फटिक वितळायला जास्त तापमान लागतं, 100 अंशांच्याही वर. उकळत्या पाण्याला ते जमलं नसतं, तापलेली वाळू ते सहज करते. दाणा स्वतःच्या टरफलाच्या आत, स्वतःतल्याच पाण्यात शिजून निघतो.

गरम असतानाच का चेपायचा? इथं मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट भेटते. स्फटिक वितळल्यावर स्टार्च अस्ताव्यस्त होतो आणि अशा पदार्थाला दोन रूपं असतात. विशिष्ट तापमानाच्या खाली तो काचेसारखा असतो, म्हणजे कडक, ठिसूळ, रेणू जागच्या जागी अडकलेले. त्या तापमानाच्या वर तो रबरासारखा होतो आणि रेणू सरकू शकतात. हे संक्रमण-तापमान पाण्यावर अवलंबून असतं, कारण पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सैल करतात. पाणी वाढलं की संक्रमण-तापमान घसरतं. भाजलेला ओलसर दाणा रबरी अवस्थेत असतो, म्हणून दाबल्यावर तो पसरतो. तोच गार आणि कोरडा होऊ दिला असता, तर चुरा झाला असता. चेपलेला पोहा वाळला की त्यात दहा-बारा टक्के पाणी उरतं आणि तो काचेच्या अवस्थेत जातो. म्हणून कोरडा पोहा दाताखाली कुरकुरतो.

आणि म्हणूनच तो महिनोन्महिने शिजलेला राहतो! रात्रीचा भात सकाळी कडक का होतो? त्यातल्या साखळ्यांना हलायला मोकळीक असते, त्या हळूहळू पुन्हा शेजारी शेजारी येऊन स्फटिक बांधतात. घरून करून डब्यात नेलेले पोहे दुपारी वातड होतात, त्याचंही मुख्य कारण हेच. कोरड्या पोह्यात मात्र रेणू अडकलेले असतात. त्यांची पुन्हा स्फटिक बनायची ओढ संपलेली नसते, पण हलताच येत नाही. त्यावर पाणी शिंपडा. पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास पोचलं, की संक्रमण-तापमान आपल्या नेहमीच्या हवेच्या तापमानापर्यंत खाली येतं आणि पोहा विस्तवाशिवाय मऊ पडतो. मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये जपानात झटपट नूडल्स बाजारात आणल्या, त्यामागचं तत्त्वही हेच होतं : आधी शिजवा, मग पाणी काढून टाका.

मऊ पडायला किती वेळ लागणार, हे जाडीवर ठरतं. पाणी आत मुरायचा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. त्यामुळे पातळ पोहे नुसत्या शिंतोड्यांनी मऊ होतात आणि जाड पोहे भिजवून ठेवावे लागतात. ट्रेकला पातळच न्यावेत. हा माझा आग्रह आहे.

पोटात फुगण्याचं म्हणाल, तर पोहा ताटलीत पाणी पितो किंवा पोटात पितो, पाणी अधिक पोहे यांची बेरीज तेवढीच राहते. कोरडे खाल्ले तर पाणी जरा जास्त प्यावं, इतकंच.

कोकणात दडपे पोहे करणाऱ्या बायकांनी तर पाण्याचीही गरज ठेवलेली नाही. बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, मीठ, साखर, लिंबू पातळ पोह्यांत कालवायचं आणि वर झाकण ठेवून दडपायचं. मीठ-साखरेमुळे कांद्याच्या पेशींतलं पाणी परासरणानं बाहेर येतं आणि बाजूचा कोरडा पोहा ते ओढून घेतो. दहा-पंधरा मिनिटांत पोहे मऊसूत. ट्रेकसाठी फोडणी घरीच करून घ्यावी. मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळायचा आणि तेलासकट पोह्यांत मिसळून डब्यात भरायचं. वर भाजलेले शेंगदाणे. ओलं खोबरं उन्हात टिकत नाही, सुकं किसून न्यावं. कांदा आणि लिंबू अख्खे न्यायचे, वर जाऊन चिरायचे.

रात्रीच्या झोपेत यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा बराच उतरलेला असतो, त्यामुळे चढाआधी पोटात कर्बोदकं हवीतच. 100 ग्रॅम पोह्यांतून सुमारे 350 किलोकॅलरी मिळतात. त्यात 40 ग्रॅम शेंगदाणे, 15 ग्रॅम तेल आणि तोंडात टाकायला गुळाचा खडा धरला, तर जवळपास 800 किलोकॅलरी होतात. वजन पावणेदोनशे ग्रॅम, खर्च वीस रुपयांच्या आसपास. प्रथिनांची उणीव शेंगदाणे बऱ्यापैकी भरून काढतात.

पोह्यांच्या कौतुकात एक खोटं मात्र सतत फिरत असतं : पोहे म्हणजे लोहाचं भांडार. जुन्या कोष्टकांत 100 ग्रॅम पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह दिलेलं असायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकात तो आकडा साडेचारच्या आसपास आहे. लोखंडी कढई आणि चाकांचा अंश पोह्यांत उतरतो, पण तसलं लोह शरीरात फारसं शोषलं जात नाही. लिंबू पिळलं तर धान्यातलं लोह शोषायला मदत होते, हे खरं आहे. रक्तक्षयावर पोहे हे औषध, असा मेसेज कुणी पाठवला, तर तो पुढे पाठवू नका.

विस्तव टाळण्याचा फायदा डोंगरालाही होतो. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळतं आणि एका चुलीच्या ठिणगीनं अख्खी डोंगरधार जळते. हिमालयात कारण वेगळं. 4,000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं. तिथं भात होतो, पण डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपत जातो. पोह्यांना उंचीचा काही फरक पडत नाही.

काळजी घ्यायची ती पाण्याची. पोहे शिजवायचे नसल्यामुळे वापरलेलं पाणी उकळलं जात नाही, तेव्हा गडावरच्या टाक्यातलं पाणी थेट शिंपडू नये. पिण्यासाठी उकळलेलं किंवा गाळून निर्जंतुक केलेलं असेल तेच घ्यावं. आणि रात्रीच भिजवून ठेवू नयेत. तांदळाच्या पदार्थांत बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते भाजण्यातूनही तग धरतात आणि ओलावा व ऊब मिळाली की वाढीला लागतात. त्यातल्या काही जाती उलट्या घडवणारं विष तयार करतात आणि ते नंतर उकळूनही जात नाही. पातळ पोह्यांना लागतात पाच-दहा मिनिटं, त्यामुळे सकाळी तोंड धुवायला जाताना पाणी शिंपडून झाकून ठेवावेत.