जुनं स्पॅनिश उजळायचंय? मग पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका
(उजळणी वर्गाच्या चौकशीसाठी येणाऱ्यांकरिता माहितीपत्रक)

"मॅडम, सगळं विसरलोय. पहिल्या वर्गातच बसवा." पूर्वी स्पॅनिश शिकलेली आणि मधे दहा-पंधरा वर्षं त्याला हात न लावलेली मंडळी आमच्याकडे येतात, तेव्हा बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. आम्ही नाही म्हणतो. मग फोनवर बराच वेळ समजावणं होतं, कधी थोडी नाराजीही होते. म्हणून ते सगळं एकदाचं लिहून ठेवतोय. हे वाचून आलात तर तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

अगदी नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे पत्रक नाही, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग आहे. ज्यांनी कधीकाळी कॉलेजात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, कंपनीने लावलेल्या वर्गात किंवा परदेशातल्या मुक्कामात निदान एक-दोन पातळ्या नीट पार केल्या होत्या, त्यांनी पुढे वाचावं.

विसरलात, पण सगळं नाही

हॅरी बारिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली नेमका हाच प्रश्न तपासला होता, आणि तोही स्पॅनिशवरच. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या माणसांची त्याने चाचणी घेतली. त्यांतल्या काहींचं शिक्षण संपून तर पन्नास वर्षं झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत माणूस भराभर विसरतो, पण त्यानंतर जे उरतं ते पुढची तीसेक वर्षं जवळपास तसंच टिकून राहतं, असं त्यात दिसलं. किती उरतं हे ठरतं मूळ शिक्षण किती पक्कं झालं होतं त्यावर. म्हणजे तुम्ही दहा वर्षांनी येता की वीस वर्षांनी, याने फारसं बिघडत नाही. तेव्हा दोन सत्रं मन लावून केली होती की परीक्षेपुरती, याने बिघडतं.

"मग मला एक वाक्यही का सुचत नाही?" कारण ऐकल्यावर किंवा वाचल्यावर ओळखणं वेगळं आणि गरज पडल्यावर तोंडून काढणं वेगळं. पहिलं बरंच टिकतं, दुसरं लवकर जातं. चौकशीला आलेल्या माणसाला आम्ही साधा परिच्छेद वाचायला देतो तेव्हा तो स्वतःच चकित होतो, कारण निम्म्याहून जास्त कळतं. तोंड उघडायला सांगितलं की मात्र घाम फुटतो.

पहिल्या धड्याची ओढ

लोक घरी काय करतात ते आम्हाला ठाऊक आहे. जुनं पुस्तक माळ्यावरून निघतं, पहिलं पान उघडतं. नाव-गाव-व्यवसाय, आकडे, रंग, आठवड्याचे वार. छान जमतं! हुरूप येतो. चौथ्या-पाचव्या धड्याला काम वाढतं, पाहुणे येतात, पुस्तक परत माळ्यावर जातं. दोन वर्षांनी पुन्हा पहिलं पान. ओसरी तेवढी दरवर्षी सारवायची आणि माजघरातली जाळी तशीच. अशा माणसाचे पहिले तीन धडे आमच्या शिक्षकांपेक्षाही पक्के असतात, पण "काल काय केलंत?" एवढं विचारलं की सगळं थांबतं.

वर्गातही हेच होतं. पूर्वी आम्ही आग्रहाखातर अशांना नवशिक्यांमध्ये बसवत असू. पहिले काही तास त्यांना बरं वाटतं, कारण सगळं येत असतं. शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी "मे यामो…" (माझं नाव…) म्हणून अडखळत असते, तिचं वाक्य हेच पूर्ण करतात. ती मुलगी हळूहळू बोलायची बंद होते. महिन्याभराने यांना कंटाळा येतो आणि एक-दोन तास बुडतात. आणि ज्या आठवड्यात भूतकाळ सुरू होतो, म्हणजे जिथे यांना खरी गरज असते, तिथे नेमके हे गैरहजर! मग सत्राच्या मध्यावर विनंती येते की आता वरच्या वर्गात टाका. तिथे जागा नसते, आणि असली तरी तो वर्ग पुढे निघून गेलेला असतो. पैसे गेले, तीन महिने गेले, आणि "आपल्याला काही भाषा जमत नाहीत" असा समज घेऊन माणूस घरी जातो. म्हणून आता हे आम्ही करतच नाही. यात आमचं एका प्रवेशाचं नुकसान होतं, ते चालेल.

याच्या उलटी एक तऱ्हा आहे. "माझ्याकडे बी-वनचं प्रमाणपत्र आहे, बी-टूला बसवा." (या भाषेच्या मधल्या दोन पातळ्या, बी-टू वरची.) देले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या डिप्लोमाला मुदत नसते हे खरं, सिएले या दुसऱ्या परीक्षेचं प्रमाणपत्र मात्र पाच वर्षंच चालतं. डिप्लोमा कायम राहिला म्हणून तुम्हीही कायम बी-वन राहता असं नाही. प्रमाणपत्र जरूर दाखवा, आम्हाला त्यावरून तुमचा पाया कळतो. वर्ग मात्र त्यावरून ठरत नाही.

वर्ग ठरतो वीस मिनिटांच्या गप्पांवरून

लेखी चाचणी नाही. शिक्षक तुमच्याशी बोलतात. आधी आजचं, रोजचं. मग कालचं. मग लहानपणचं. मग पुढे काय व्हावंसं वाटतं ते. बोलणं कुठे मोडतं ते पाहायचं आणि तिथून शिकवायला घ्यायचं, एवढाच हिशोब.

एक विनंती अगदी कळकळीची: या गप्पांसाठी अभ्यास करून येऊ नका. "थोडं घोकून मगच येतो" म्हणून लोक दोन-दोन महिने तारीख पुढे ढकलतात, नाहीतर आदल्या रात्री क्रियापदांचे तक्ते पाठ करून येतात. पाठ केलेलं वीस मिनिटं पुरतं, आम्ही फसतो, तुम्ही एक पायरी वर बसता आणि तिसऱ्या तासाला दमता. डॉक्टरकडे जाण्याआधी गोळी घेऊन ताप उतरवू नये, तसंच हे. अडखळत या. अडखळलेलंच आमच्या उपयोगाचं असतं.

बहुतेकांचं कुठे मोडतं

भूतकाळात. स्पॅनिशमध्ये "फुई" म्हणजे एकदाचं गेलो, झालं. "इबा" म्हणजे जायचो, जात असे, जात होतो. इंग्रजीतून शिकलेल्यांना या दोन्हींपुढे एकच शब्द दिसतो आणि मग कुठलं कधी वापरायचं याचे दहा नियम पाठ करावे लागतात. मराठी माणसाला यातलं बरंचसं आयतं मिळालेलं आहे. "लहानपणी आम्ही मे महिन्यात आजोळी जायचो, एका वर्षी मात्र मुंबईला गेलो." हे वाक्य बोलताना तुम्ही नियम आठवत बसत नाही. उजळणी वर्गात म्हणूनच आम्ही इंग्रजी बाजूला ठेवतो आणि मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये जातो. सगळीकडे हे जुळत नाही. "होतो" म्हणताना स्पॅनिशमध्ये कुठलं क्रियापद घ्यायचं, यावर आमचे चांगले दोन तास जातात.

मराठीचे आणखी फायदे आहेत. "मला आंबे आवडतात" आणि "मे गुस्तान लोस मांगोस" यांची ठेवण एकच: आवडणारी वस्तू अनेकवचनी, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. "तू यावंस अशी माझी इच्छा आहे" यातलं "यावंस" ज्याला सहज सुचतं, त्याला "क्येरो के बेंगास" मधलं "बेंगास" परकं वाटायचं कारण नाही. क्रियापदातच "मी" कळतो म्हणून आपण दर वाक्यात "मी, मी" करत नाही, स्पॅनिश माणूसही करत नाही. इंग्रजीच्या सवयीने "यो, यो" म्हणत राहणाऱ्यांना आम्ही आधी ते सोडायला लावतो. उच्चारातही तेच. स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखा दातांना जीभ लावून म्हणायचा. "टेंगो" नव्हे, "तेंगो".

घरी काय करावं

आमच्याकडे येणार नसलात तरी हे करता येईल. जुनं पुस्तक असेल तर ते मधून उघडा, जिथे वाचलेलं कळतं पण स्वतःहून म्हणता येत नाही अशा पानावर. सुटे शब्द पाठ करू नका. आख्खं वाक्य मराठीत लिहा, पान झाका, स्पॅनिशमध्ये मोठ्याने म्हणा आणि मग ताडून पाहा. ही दिशा महत्त्वाची. स्पॅनिश वाचून मराठी अर्थ सांगणं तुम्हाला आधीच येतं, त्याचा सराव म्हणजे नुसती करमणूक.

रोज दोन मिनिटं फोनमध्ये बोलून ठेवा. विषय घरचाच घ्या: काल स्वयंपाकघराचा नळ गळत होता तो कसा दुरुस्त केला, पोहे कसे करतात, सोसायटीच्या सभेत कोण कोणावर ओरडलं. शब्द अडला तर थांबू नका, वळसा घालून सांगा. तोच विषय आठवड्याने पुन्हा बोला आणि दोन्ही ऐका.

वाचायला सेंत्रो व्हिर्तुआल सेर्वांतेसच्या संकेतस्थळावर तीन पातळ्यांवर मांडलेलं वाचन फुकट आहे. ऐकायला स्पेनच्या आरटीव्हीई या सरकारी प्रसारण संस्थेचे रेडिओ कार्यक्रम आहेत. सुरुवातीला बातम्याच ऐका, कारण जगातली मोठी बातमी तुम्हाला आधीच माहीत असते. मालिका बघायच्या तर पडद्यावरच्या ओळी स्पॅनिशमध्येच लावा. इंग्रजी ओळी लावल्या की कान झोपतात.

नेहमीचे काही प्रश्न

*ॲप पुरणार नाही का?* ॲप वाईट नाही, शब्द जागे ठेवतं. पण चार पर्यायांतून निवडणं म्हणजे पुन्हा ओळखणंच. तीन-तीनशे दिवस न चुकता ॲप करणारे आमच्याकडे येतात आणि त्यांचं बोलणं तिथेच अडकतं जिथे बाकीच्यांचं अडकतं. ॲप चालू ठेवा, वर्गही लावा.

*स्पेनचं शिकवता की लॅटिन अमेरिकेचं?* २० स्वतंत्र देशांत स्पॅनिश ही राजभाषा आहे, तेव्हा "एकच खरं" असं काही नाही. तुम्ही जे आधी शिकलात तेच आम्ही चालू ठेवतो. मेक्सिकोच्या लोकांशी काम असेल तर "तुम्ही"साठी स्पेनमधलं "बोसोत्रोस" सोडून "उस्तेदेस" घ्या, स्पेनमध्ये मुलीकडे राहायला जाणार असाल तर दोन्ही घ्या. उच्चार बदलत बसू नका, समोरच्याला दोन्ही कळतात.

*वय आड येतं का?* ऐकायला थोडा जास्त वेळ लागतो. व्याकरण मात्र मोठ्यांना भराभर समजतं, आणि बोलायला विषयही जास्त असतात.

*वर्ग सकाळी सातलाच का?* रात्री साडेआठला मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजतात, आणि स्पेनची कचेरी आपल्या दुपारपासून रात्रीपर्यंत चालते. आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांचे कॉल त्याच वेळात असतात. संध्याकाळचा वर्ग करून पाहिला होता, दर तासाला कोणीतरी फोन घेऊन जिन्यात उभं असायचं.

*नवशिक्यांच्या वर्गापेक्षा शुल्क जास्त का?* उजळणीच्या वर्गात सहाच जण घेतो. प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी मोडलेलं असतं, त्यामुळे छापील पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत शिकवून भागत नाही. दर आठवड्याला प्रत्येकाचं ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षक टिपणं देतात. गप्पांनंतर तुम्हाला वर्गाची गरजच नाही असं दिसलं तर तसं सांगतो. असं होतं, आणि त्याचे पैसे घेत नाही.

*तीन महिन्यांत किती होईल?* पूर्वी जिथे होता तिथपर्यंत बहुतेक जण पोचतात. पुढची पातळी त्यानंतर. देलेची तारीख आधीच भरून येऊ नका, निदान गप्पा होईपर्यंत थांबा.

गप्पांची वेळ शनिवारी सकाळी असते, आधी फोन करून ठरवावी लागते. नवे वर्ग जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. जुन्या वह्या असतील तर आणा. परीक्षेच्या उत्तरपत्रिका असतील तर त्याही, लाल शाईसकट.