पाकटाच्या पोटाखालची वाळू

स्टिंगरे, म्हणजे पाकट मासा, घरच्या टाकीत पाळायचा म्हटला की दुकानात बोलणं होतं ते टाकीचं माप, फिल्टर आणि माशाची किंमत यांवर. तळाला काय घालायचं हे सगळ्यात शेवटी निघतं, आणि रंगीत खड्यांच्या दोन पिशव्या गिऱ्हाइकाच्या हातात पडतात. हे पाहिलं की मला राहवत नाही. ज्या प्राण्याचं तोंड, नाकपुड्या आणि कल्ल्यांच्या पाचही जोड्या पोटाच्या बाजूला आहेत, त्याचं खाणं, वास घेणं आणि उच्छ्वास सोडणं सारं या तळाला टेकूनच चालतं.

आपल्या कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणारं पाकट खाऱ्या पाण्यातलं. घरगुती टाक्यांत असतात ते मोटोरोसारखे पोटॅमोट्रायगॉन प्रजातीतले स्टिंगरे, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, पूर्ण गोड्या पाण्यातले. सवय मात्र दोघांची सारखी. अंगावर वाळू ओढून घ्यायची आणि फक्त डोळे व त्यांच्यामागची दोन छिद्रं उघडी ठेवायची. त्या छिद्रांतून पाणी आत येतं आणि पोटाखालच्या कल्ल्यांतून बाहेर पडतं. तोंड वाळूत रुतलेलं असलं तरी श्वास अडत नाही.

अंगावर वाळू ओढण्याची ही क्रिया मला फार आवडते. स्टिंगरे तबकडीसारखं अंग भराभर वरखाली करतो. अंग उचललं की खालचा दाब कमी होऊन पाणी आत ओढलं जातं. अंग दाबलं की तेच पाणी कडांखालून जोरात सुटतं आणि कण उडवतं. पंखांच्या कडा ते कण पाठीवर घेतात. उडालेला कण पाठीवर पडणार की टाकीभर भटकणार, हे तो किती वेगाने खाली बसतो यावर ठरतं. सुपात धान्य पाखडताना दाणा सुपातच पडतो आणि कोंडा उडून जातो, तसंच हे. क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, ०.१ मिलीमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो, अर्ध्या मिलीमीटरचा सहा-सात, तर दोन मिलीमीटरचा सुमारे वीस. अगदी बारीक कणांना स्टोक्सचा नियम लागू पडतो. त्यात वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट झाला की वेग चौपट. कण मोठा झाला की त्याच्यामागे भोवरे तयार होतात, अवरोध वेगाच्या वर्गाने वाढू लागतो आणि वेग व्यासाच्या वर्गमुळाकडे झुकतो. कणाची घनताही यात येते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज असतं. पाण्यातलं उद्धरण, म्हणजे पाणी कणाला वर ढकलतं तो जोर, वजा केलं तर तितक्याच आकाराच्या क्वार्ट्झच्या कणापेक्षा त्याचा कण सव्वादोन पट जड भरतो.

तेव्हा पिठासारखी वाळू नको, ती फिल्टरच्या पंपात जाते. जाड खडी या माशाला उचलतच नाही. अर्धा ते एक मिलीमीटरची क्वार्ट्झ वाळू उत्तम. जलशुद्धीकरणाच्या फिल्टरसाठी विकतात ती १६/३० मेशची (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचं माप) वाळू या मापाच्या जवळपास असते. मात्र भिंगाखाली धरून कणांच्या कडा गोलसर आहेत ना, ते बघा. बांधकामाची क्रश सँड म्हणजे फोडलेला काळा दगड. तिचे टोकदार कण एकमेकांत अडकून घट्ट बसतात आणि मऊ पोट सोलून काढतात.

समुद्राची वाळू फुकट मिळते, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती चुनखडीची आहे आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढवणार. समुद्री पाकट शरीरात युरिया साठवतं. नदीतल्या या स्टिंगरेंनी ती क्षमता गमावली आहे आणि त्यांचा नायट्रोजनयुक्त मैला मुख्यतः अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर त्यातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, ८ झाला की पाच टक्क्यांवर. मैला तेवढाच, विष नऊ-दहा पट. टाकीतला मासा मेला की त्याने घरावरचं संकट अंगावर घेतलं, असं सांगून लगेच दुसरा मासा खपवणारे आहेत. त्यांचं ऐकू नका, पाणी तपासा.

१८० बाय ७५ सेंटिमीटरच्या टाकीत चार सेंटिमीटरचा थर म्हणजे ५४ लिटर, साधारण ८५ किलो वाळू. तेवढं वजन स्टँडला पेलेल ना, हे आधी बघा. वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन, पाणी नितळ येईपर्यंत हाताने ढवळून धुवा. टाकीत दगड ठेवायचेच असतील तर आधी थेट काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू भरा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली स्टिंगरे उकरतो आणि दगड कोसळतो. पाणी परातीवर ओता, म्हणजे थर उधळणार नाही. हीटर उघडा ठेवू नका. हा मासा त्याला चिकटून बसतो आणि भाजतो. त्याला जाळी लावा किंवा तो संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, बसवा.

काहीजण तळ मोकळाच ठेवतात. स्वच्छतेला ते सोपं आहे आणि मासा जगतोही, पण त्याचं उकरणं बंद होतं, म्हणून मला ते पटत नाही. थर पाच सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. स्टिंगरेचं उकरणं जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यांत प्राणवायू संपतो, वाळू काळी पडते आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाणी बदलताना ते कोपरे लांब काठीने हलवत राहा. हात घालायचाच असेल तर मासा कुठे पुरलाय ते आधी शोधा. शेपटीवरचा काटा विषारी आणि करवतीसारखा दातेरी असतो.