गळकं छत: थर गेलाय की सांगाडा?

छताला गळती लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "जरा डागडुजी करून घेऊ, निघतील अजून चार वर्षं." दुसरा म्हणतो, "दर पावसाळ्यात तेच रडगाणं. एकदाच काय ते नवीन करून टाका." दोघंही बोलत असतात ते ओलीच्या डागाकडे बघून, आणि घोळ तिथेच होतो. डाग केवढा आहे यावरून छताची तब्येत कळत नाही.

छत दोन वेगवेगळी कामं करतं. वरचा थर पाणी अडवतो आणि वाहून नेतो. खालचा सांगाडा भार पेलतो. सिमेंटच्या छतात थर म्हणजे वॉटरप्रूफिंग आणि सांगाडा म्हणजे सळयांसकट स्लॅब. कौलारू छतात कौलं हा थर, वासे आणि रिपा हा सांगाडा. पत्र्याच्या शेडमध्ये पत्रा आणि त्याचे स्क्रू वर, कैच्या खाली. या दोघांचं आयुष्य सारखं नसतं. डांबरी वॉटरप्रूफिंग ऊन खाऊन दहा-वीस वर्षांत कडक होतं आणि तडकतं. नीट घातलेला स्लॅब पन्नास वर्षं सहज काढतो. कौलांचं उलट आहे. चांगली भाजलेली कौलं शंभर वर्षं टिकतात, खालचं लाकूड आधी जातं. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: बिघडलंय ते थरात की सांगाड्यात? थर गेला असेल तर खाली दहा बादल्या लागत असल्या तरी मामला दुरुस्तीचा आहे. सांगाडा गेला असेल, तर एक थेंब गळत नसला तरी छत बदलायला झालं.

पण त्याआधी, ती गळतीच आहे ना? निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. घरातली दमट हवा त्याला लागली की आतल्या बाजूने दव धरतं आणि पहाटे टपटप सुरू होते. पाऊस नसताना, उजाडायच्या सुमाराला थेंब पडत असतील तर बिघाड छतात नाही, हवा खेळती नसण्यात आहे. स्लॅबच्या बाबतीत ओल्या डागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं. प्लास्टिक आणि छताच्या मधे जमलं तर ते स्लॅबमधून येतंय. आणि डाग पावसाळ्या-उन्हाळ्यात सारखाच ओला राहत असेल, तर आधी टाकीची आणि बाथरूमची पाइपलाइन बघावी.

खरीच गळती असली तरी पाणी जिथे शिरतं तिथेच टपकत नाही. उतरत्या छतात ते वाशाच्या अंगाने दोन-तीन मीटर घसरत येतं. सपाट छतात कोबा आणि स्लॅब यांच्या मधल्या पोकळ्यांत साचतं आणि स्लॅबला जिथे भेग असेल तिथून उतरतं. बेडरूमच्या मधोमध पडलेल्या डागाचं मूळ कठड्याच्या कोपऱ्यात असू शकतं. बहुतेक वेळा ते कोपऱ्यात, पाइपभोवती किंवा पाणी जाण्याच्या तोंडाशीच असतं, कारण दोन वेगळ्या वस्तू तिथे जुळतात. काँक्रीट तापलं की दर मीटरला, दर अंशाला साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. दहा मीटरच्या स्लॅबचं तापमान दिवस-रात्रीत ३० अंशांनी बदललं तर तो साधारण ३ मिमी लांबतो आणि परत आखडतो. रोज. ही ओढाताण सांध्यांवर येते. त्यामुळे गळती सांध्यांपुरती असेल तर दुरुस्ती टिकते. मोकळ्या सपाट भागात ठिकठिकाणी पाणी शिरायला लागलं असेल, तर थराचं वय झालंय. तो ठिगळं न लावता पूर्ण काढून नवीन घालावा.

आतून सीलिंगला ऑइलपेंट किंवा 'डॅम्पप्रूफ' रंग मारणं हा मात्र शुद्ध स्वतःला फसवण्याचा प्रकार. पाणी वरून येतच राहतं, फक्त दिसेनासं होतं, आणि स्लॅबच्या पोटात मुक्काम ठोकतं. तिथे ते काय करतं हे समजायला काँक्रीटची थोडी केमिस्ट्री लागते.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो आणि तो लोखंडाला गंजू देत नाही. बिघाड सुरू होतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. हा वायू काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून त्याचा चुनखडक करतो आणि पीएच ९ च्याही खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्याची सीमा सळईपर्यंत पोचली की पापुद्रा विरघळतो. पुढे गंजायला फक्त पाणी आणि ऑक्सिजन हवा, आणि पाणी गळतीने आयतं आणून दिलेलं असतं.

ही सीमा किती वेगाने सरकते? काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पहिल्या १० वर्षांत ती १० मिमी आत गेली असेल तर २० मिमी गाठायला एकूण ४० वर्षं लागतात. म्हणजे सळईखाली काँक्रीटचं कव्हर दुप्पट असेल तर संरक्षण चौपट काळ मिळतं. स्लॅब घालताना सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, न ठेवल्यामुळे सळई जिथे खाली शटरिंगवर टेकली, नेमकं तिथलं प्लास्टर सगळ्यात आधी पडतं. बाकीचा स्लॅब ठणठणीत असू शकतो. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या क्योस्ती टूटी यांनी १९८२ मध्ये या सगळ्याचे दोन टप्पे मांडले: गंज सुरू होण्याआधीचा लांबलचक शांत काळ, आणि सुरू झाल्यानंतरचा झपाट्याचा काळ. आपला स्लॅब कुठल्या टप्प्यात आहे, यावर दुरुस्ती की बदल हे बरंचसं ठरतं.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. सीलिंगकडे नीट बघितलं तर भेगांच्या रेषेतच निदान असतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, कशाही पसरलेल्या भेगा सहसा प्लास्टरच्या आकसण्याच्या असतात. त्यांनी झोप उडवून घेऊ नये. पण सरळ, एकमेकींना समांतर, पंधरा-वीस सेंटिमीटर अंतराने जाणाऱ्या आणि कडेला तांबूस डाग असलेल्या भेगा दिसल्या, तर तो आतल्या सळयांचा नकाशाच बाहेर उमटलेला असतो. मग लहान हातोडी घेऊन सीलिंग ठोकत जावं, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा लावून. टणक आवाज आला तर ठीक. ढब्ब आवाज आला तर तिथे थर सुटलाय. आधी आवाज प्लास्टर सुटल्याचा आहे की काँक्रीट सुटल्याचा, हे एका जागी प्लास्टर काढून बघावं लागतं. इथेच बरेचजण घाबरतात किंवा फसवले जातात.

पुढची तपासणी इंजिनिअरकडून. काँक्रीटचा छोटा तुकडा उडवून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. अल्कधर्मी भाग लख्ख गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग रंगच घेत नाही. गुलाबी रंग सळईच्या अलीकडे सुरू झाला तर अजून वेळ आहे. ध्वनिलहरींची चाचणीही करतात: लहरी सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या पुढे धावल्या तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली आल्या तर शंकास्पद.

सळई किती उरली आहे, हे मात्र मोजूनच बघावं, आणि इथे नजर धोका देते. आठ मिमीची सळई गंज खरवडल्यावर सात मिमी भरली तर वाटतं, एकच मिमी तर गेलाय. पण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. सात भागिले आठचा वर्ग ०.७७ येतो. म्हणजे जवळजवळ पाव सळई गेली. सहा मिमी उरली असेल तर ४४ टक्के गेली. इतकी झीज एखाद-दोन ठिकाणी असेल तर जोडसळई टाकता येते. स्लॅबभर असेल तर दुरुस्तीचं गणित बसत नाही.

आता दुरुस्तीतला एक विचित्र प्रकार. सळई उघडी करून, गंज काढून, मागेपुढे नवीन मसाला भरून उत्तम ठिगळ लावलं, आणि दोन-तीन वर्षांत बरोबर त्या ठिगळाच्या कडेला नवीन भेगा आल्या, असं पुष्कळांनी बघितलं असेल. दोष दर वेळी कारागिराचा नसतो. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे: सळईचा एक भाग ॲनोड होऊन झिजतो आणि त्याच्या जिवावर शेजारचा भाग कॅथोड होऊन वाचतो. आपण झिजणारा भाग स्वच्छ करून ताज्या, अल्कधर्मी मसाल्यात बसवला की तो वाचणाऱ्यांच्या गटात जातो, आणि झिजायची पाळी ठिगळाच्या कडेवर येते. काँक्रीटमध्ये मीठ, म्हणजे क्लोराइड, शिरलेलं असेल तर हे हमखास घडतं. समुद्राची हवा किंवा न धुतलेली खारी वाळू ही त्याची नेहमीची कारणं. क्लोराइड तर कार्बोनेशनची वाटही बघत नाही. पीएच चांगला असतानाच पापुद्र्याला भोकं पाडतं आणि सळईत खोल खड्डे करतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास क्लोराइड गेलं की धोक्याची पातळी मानतात.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. ठिगळात जस्ताचे छोटे ठोकळे सळईला बांधून पुरतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा तळ वाचवायला हीच युक्ती काढली होती. तांबं वाचलंही. पण विरघळणारं तांबं समुद्री जीवांना दूर ठेवत होतं ते बंद झालं आणि तळाला शिंपले चिकटून जहाजं मंदावली! स्लॅबमध्ये तसला धोका नाही, पण मीठ सगळीकडे मुरलेलं असेल तर किती ठिगळांत किती जस्त घालणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून कार्बोनेशनने एका कोपऱ्यात गंजलेला स्लॅब दुरुस्त करावा, आणि मिठाने ठिकठिकाणी पोखरलेला स्लॅब बदलण्याचा विचार गंभीरपणे करावा, असं माझं मत आहे.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारी आणखी एक गोष्ट मला खटकते: जुन्या कोब्यावरच नवीन कोबा. सिमेंटच्या मसाल्याचा १ सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला २० किलोच्या वर भरतो. सात-आठ सेंटिमीटरचा नवा थर म्हणजे दीडशे किलोहून जास्त. घराच्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी साधारण तेवढाच भार हिशोबात धरलेला असतो. म्हणजे वॉटरप्रूफिंग करताना आपण गच्चीभर माणसं कायमची उभी करून ठेवतो, तीही सळया झिजल्यानंतर. जुना थर काढल्याशिवाय नवा घालायचा नाही, हा नियम पाळावा. पाणी भरून गळती शोधायची चाचणीही अशीच जपून. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५ टन. सळया उघड्या दिसत असतील तर ही चाचणी करूच नये.

पत्र्याचं त्या मानाने सोपं आहे. चांगल्या जातीच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर दोन्ही बाजूंना साधारण २०-२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त असतं. कोरड्या, स्वच्छ हवेत ते वर्षाला अर्धा मायक्रॉनही झिजत नाही. समुद्रकाठी किंवा कारखान्यांच्या धुरात ४ ते ८ मायक्रॉन जातं. एकच पत्रा एका गावात चाळीस वर्षं आणि दुसऱ्यात पाच वर्षं, ते यामुळे. पांढरट पूड दिसली तर जस्त अजून झिजतंय. लाल गंज पत्राभर पसरला तर जस्त संपलं, आता रंग मारून फार काही साधणार नाही. गळती फक्त स्क्रूपाशी असेल तर रबराचे वॉशर बदलून बघावेत, निम्मे तंटे तिथेच मिटतात. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते घासू, कापू किंवा ड्रिल करू नयेत, कारण त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो. लाकडाची परीक्षा स्क्रूड्रायव्हरने होते: वासा भिंतीत जिथे टेकतो तिथे टोचून बघावं. टोक सहज आत गेलं तर वासा गेला. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून फुटलेली कौलं वेळेत बदलली की वासे आपोआप वाचतात.

उरला पैशांचा प्रश्न. दुरुस्तीचा आणि बदलाचा खर्च नुसता शेजारी ठेवून काही कळत नाही. मिळणाऱ्या वर्षांनी भागावं लागतं. समजा दुरुस्तीला नव्या छताच्या एक पंचमांश खर्च येतो आणि ती तीन वर्षं टिकते. मग वर्षाचा खर्च नव्या छताच्या पंधराव्या भागाइतका पडला. नवं छत पंचवीस वर्षं टिकणार असेल तर त्याचा वर्षाचा खर्च पंचविसावा भाग. स्वस्त वाटलेली दुरुस्ती इथे महाग ठरते. तीच दुरुस्ती दहा वर्षं टिकली तर ती पन्नासाव्या भागावर येते आणि सहज जिंकते. त्यामुळे ठेकेदाराला भाव विचारण्याआधी "किती वर्षं टिकेल, आणि ते कशावरून म्हणताय?" हे विचारावं. उत्तरात कव्हर, कार्बोनेशनची खोली, उरलेली सळई यांपैकी काहीच आलं नाही आणि नुसतं "गॅरंटी देतो ना" असं आलं, तर त्याच्याकडून काम घेण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तपासणी करून घ्यावी, आणि शक्यतो अशा माणसाकडून, ज्याला पुढचं काम मिळणार नाही.