संवेग आणि आवेग यांची एकके
संवेग आणि आवेग यांची एकके : वस्तूचे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. बल आणि ते जितका वेळ लागू असते तो काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. एस.आय. (आंतरराष्ट्रीय एकक) पद्धतीत संवेग किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद (किग्रॅ·मी/से) मध्ये मोजतात, तर आवेग न्यूटन-सेकंद (न्यू·से) मध्ये. नावे दोन असली तरी एकक एकच आहे, आणि शाळेत हा धडा अडतो तो नेमका इथे.

१ किग्रॅ वस्तुमानाला १ मी/से² त्वरण देणारे बल म्हणजे १ न्यूटन; म्हणजेच १ न्यूटन = १ किग्रॅ·मी/से². याला सेकंदाने गुणले की छेदातला एक सेकंद जातो आणि किग्रॅ·मी/से उरते. गणित एवढेच. हा योगायोग नव्हे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार वस्तूला मिळालेला आवेग तिच्या संवेगातील बदलाइतका असतो, आणि बरोबरीच्या दोन्ही बाजूंना एकक एकच असावे लागते. म्हणून ही दोन एकके वेगवेगळी पाठ करून घेण्यापेक्षा एकदा फळ्यावर सोडवून दाखवणे केव्हाही चांगले.

मग दोन नावे कशाला? किग्रॅ·मी/से हे रूप वस्तूजवळ किती गती साठली आहे ते सांगते. न्यू·से हे रूप ती गती कशी दिली किंवा काढून घेतली ते सांगते. गळीत हंगामात कोल्हापूरच्या रस्त्यांवर दिसणारी उसाची ट्रॉली घ्या. ट्रॅक्टरसह एकूण वस्तुमान १०,००० किग्रॅ आणि वेग ताशी १८ किमी, म्हणजे ५ मी/से धरला, तर संवेग ५०,००० किग्रॅ·मी/से होतो. ब्रेकचे बल १०,००० न्यूटन असेल तर ती थांबायला ५ सेकंद लागतात, कारण १०,००० न्यूटन × ५ सेकंद = ५०,००० न्यू·से. या ५ सेकंदांत ट्रॉली साडेबारा मीटर पुढे गेलेली असते. ताशी ९० किमी वेगाने जाणारी, स्वारासह २०० किग्रॅ भरणारी मोटारसायकल कितीही सुसाट वाटली तरी तिचा संवेग ५,००० किग्रॅ·मी/से, ट्रॉलीच्या एक दशांश.

न्यूटन-सेकंदातला ‘सेकंद’ किती महत्त्वाचा, हे तालमीत पाहावे. हौद्यातली माती रोज उकरून भुसभुशीत करतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव मिसळतात. धोबीपछाडीने पडणारा ८० किलोंचा पैलवान ३ मी/से वेगाने मातीवर आला असे मानू. त्याचा संवेग २४० किग्रॅ·मी/से. थांबताना २४० न्यू·से एवढा आवेग त्याच्या अंगाला सोसावाच लागतो, खाली माती असो वा फरशी. पण माती दबत दबत थांबवते. त्यात ०.१ सेकंद गेला तर सरासरी निव्वळ बल २,४०० न्यूटन; फरशीवर तेच ०.०२ सेकंदात घडले तर १२,००० न्यूटन. आवेग तोच, बल पाचपट. (शरीराचे वजन पेलणारे सुमारे ७८४ न्यूटन यात धरलेले नाहीत. आखाड्यात ‘वजन ८० किलो’ म्हणतात ते भौतिकीच्या भाषेत वस्तुमान.)

बल स्थिर नसेल, आणि आघातात ते सहसा नसतेच, तर बल-काळ आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे आवेग. उभ्या अक्षावर न्यूटन, आडव्यावर सेकंद. म्हणून क्षेत्रफळ न्यूटन-सेकंदात येते.

१६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात न्यूटनने संवेगाला ‘गतीची राशी’ म्हटले होते. बलाच्या एककाला त्याचे नाव आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाले ते १९४८ मध्ये. संवेगाच्या एककाला मात्र एस.आय. पद्धतीत अजूनही स्वतंत्र नाव नाही. सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीत ग्रॅम-सेंमी/से किंवा डाइन-सेकंद वापरतात (डाइन हे त्या पद्धतीतले बलाचे एकक); १ न्यू·से = १,००,००० डाइन-सेकंद. दोन्ही राशींचे परिमाण वस्तुमान × लांबी ÷ काळ असे आहे.

उदाहरणे सोडवताना होणाऱ्या चुका बहुधा एककांच्याच असतात. ‘न्यूटन-सेकंद’ऐवजी ‘न्यूटन प्रति सेकंद’ लिहिले जाते. तो बल बदलण्याचा दर झाला, आवेग नव्हे. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागायचे राहते, ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे राहतात. एक चूक मात्र निराळी आहे. पेठापेठांच्या संघांमुळे कोल्हापूरला फुटबॉल नवा नाही. नियमाप्रमाणे चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. ०.४३ किग्रॅचा चेंडू १० मी/से वेगाने आला आणि खेळाडूने तो २० मी/से वेगाने उलट मारला, तर संवेगातील बदल ०.४३ × (२० + १०) = १२.९ किग्रॅ·मी/से, कारण संवेग सदिश आहे, म्हणजे त्याला दिशाही असते, आणि चेंडूची दिशा उलटली आहे. चिन्ह विसरून वजाबाकी केली की उत्तर ४.३ येते. एकक तपासून ही चूक सापडत नाही; दोन्ही उत्तरांचे एकक बरोबरच असते.