कापूस घरी ठेवून बर्फावर

परभणीत जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, कानटोप्या आणि मफलर बाहेर निघतात आणि दहाच्या सुमारास ऊन चढले की हे सारे पुन्हा खुंटीला जाते. मराठवाड्याची थंडीशी ओळख एवढीच आहे, कोरडी आणि काही तासांची. त्यामुळे आयटीआय करून फिटर किंवा वायरमन झालेला इथला एखादा तरुण हंगामापुरता गुलमर्गच्या स्की लिफ्टवर, म्हणजे बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांना डोंगरावर चढवणाऱ्या यंत्रावर, कामाला जायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या पिशवीत सुती बनियन, जीन्सची पँट, एक जाड स्वेटर आणि खेळाचे बूट भरले जातात, आणि घरची माणसे वरून आणखी एक स्वेटर कोंबतात. ही तयारी पहिल्या आठवड्यातच अपुरी पडते. तिचे कारण कापडाच्या जाडीत शोधण्यापेक्षा पाणी आणि हवा यांच्या गुणधर्मांत शोधलेले बरे.

आधी काम समजून घ्यावे लागते. अधांतरी तारेला खुर्च्या टांगून माणसे डोंगरावर नेणारी पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे सुरू झाली. तिची कल्पना जेम्स करन या रेल्वे कंपनीच्या अभियंत्याला केळीचे घड जहाजावर चढवणाऱ्या यंत्रणेवरून सुचली होती. तेव्हा अर्धापूरच्या केळी बागायतदारांनी या यंत्राकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नाही. ताशी १,२०० प्रवासी नेणाऱ्या दोन आसनी लिफ्टवर दर सहा सेकंदांनी एक खुर्ची येते. लिफ्टचालक ती हाताने धरून तिचा धक्का कमी करतो, माणूस नीट बसला की नाही ते पाहतो आणि कोणी धडपडले तर क्षणात थांबण्याचे बटण दाबतो. मधूनच त्याला फावडे घेऊन फलाटावर साचलेला बर्फ उपसावा लागतो, कारण बर्फाची पातळी बदलली की खुर्चीची उंचीही बदलते.

पोशाखाची खरी अडचण या कामाच्या लयीतच आहे. शांत उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण १२० वॅट उष्णता तयार होते. जोराने फावडे चालवू लागला की तीच ४०० ते ५०० वॅटपर्यंत जाते. म्हणजे एकाच माणसाला एकाच सकाळी दोन वेगळ्या ऋतूंचे कपडे हवे असतात. स्की करणारा सतत हालचाल करतो आणि थकला की उपाहारगृहात जाऊन बसतो. लिफ्टचालक मात्र घाम गाळून झाल्यावर पुन्हा तासभर एका जागी उभा राहतो, म्हणून स्कीसाठी विकले जाणारे देखणे, अंगाबरोबर बसणारे कपडे त्याच्या उपयोगाचे असतातच असे नाही. कपड्यांचा उबदारपणा मोजण्यासाठी १९४१ मध्ये ‘क्लो’ नावाचे एकक सुचवले गेले. २१ अंश तापमानाच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामदायक वाटेल एवढा पोशाख म्हणजे एक क्लो. गंमत अशी की, या मोजमापात बसलेल्या माणसाच्या शरीरातील उष्णता आधीच गृहीत धरलेली आहे. तोच पोशाख घालून माणूस खणू लागला तर त्याला तो असह्य होतो.

आता कापसाकडे वळू. ज्या भागाने नांदेड-४४ सारखे संकरित वाण देशाला दिले आणि जिथे घरटी कोणी ना कोणी बोंडे वेचलेली आहेत, तिथे कापसाविरुद्ध लिहिताना हात अडखळतो. परंतु बर्फावर अंगालगत सुती कपडा घालणे ही चूकच आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजच्या रेणूला पाण्याचे रेणू धरून ठेवण्याची ओढ असते. उन्हाळ्यात हाच गुण आपल्याला सुखावतो, कारण घाम कपड्यात पसरतो, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती अंगातील उष्णता नेते. माठातले पाणी गार होते त्यामागेही हेच तत्त्व आहे. ओला बनियन घालून वाऱ्यात उभा राहिलेला माणूस म्हणजे चालता-बोलता माठ होय.

याचा हिशेब सोपा आहे. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. फावडे चालवताना बनियनमध्ये १०० ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो वाळायला दोन लाख चाळीस हजार ज्यूल लागतील. ही सगळी उष्णता अंगातूनच गेली, तर उभ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३३ मिनिटांत तयार होणारी सारी ऊब केवळ एक बनियन वाळवण्यात खर्ची पडेल. त्यात भर म्हणजे पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट अधिक उष्णता वाहून नेते आणि ओला सुती तंतू लोळागोळा होऊन त्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात. जीन्सची गतही हीच होते, फक्त ती वाळायला आणखी वेळ घेते.

लोकरीची रचना वेगळी आहे. तिच्या तंतूवर बाहेरून खवले आणि स्निग्ध आवरण असते, त्यामुळे पाण्याचा थेंब सहज आत शिरत नाही. आतला गाभा मात्र बाष्प शोषून घेतो. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प शोषूनही लोकर हाताला फारशी ओली लागत नाही, आणि शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. तंतू नैसर्गिकरीत्या कुरळे असल्यामुळे ओलाव्यातही त्यांच्यामधली हवा टिकते. आपल्याकडचे धनगर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे दिवस काढतात, ते याच बळावर. घोंगडीची लोकर जाड असल्याने ती अंगाला टोचते, कारण साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेत दबण्याऐवजी रुततात. मेरिनो मेंढीची लोकर त्याहून पुष्कळ बारीक असते, म्हणून अंगालगतच्या थरासाठी ती निवडतात. ती महाग आहे हे मान्य. पैसे कमी असतील तर पॉलिस्टरचा ‘थर्मल’ जोड चालतो; तो बाष्प जवळजवळ शोषतच नाही, लवकर वाळतो, मात्र दोन दिवसांत त्याला वास येऊ लागतो.

मधला थर म्हणजे ऊब साठवणारा थर, आणि त्याचे तत्त्व मराठवाड्यातील घराघरांत वाकळीच्या रूपाने आहे. जुन्या लुगड्यांचे थर टाके घालून एकत्र केले की कापड बदलत नाही, पण थराथरांत अडकलेली स्थिर हवा थंडी अडवते. फ्लीसचे, म्हणजे लवदार कृत्रिम कापडाचे, जाकीट किंवा विणलेला स्वेटर हेच काम करतो. एका जाडजूड कोटापेक्षा दोन मध्यम थर बरे, कारण फावडे हातात घेण्याआधी एक थर काढून ठेवता येतो. आधी काढायचा, घाम आल्यावर नाही. ही सवय लागायला एक-दोन वेळा कुडकुडावे लागते.

वाऱ्याचा प्रश्न यानंतर येतो. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजून वाऱ्याचा परिणाम आकड्यांत मांडला होता. आज वापरले जाणारे सूत्र २००१ मध्ये अमेरिका व कॅनडाने स्वीकारले. त्यानुसार हवा उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांसारखे जाणवते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या गोंडोलाचे, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांच्या लिफ्टचे, वरचे टोक अफरवत डोंगराच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटरवर आहे. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान घटते असे धरले, तर वरचा आणि खालचा चालक यांच्यात आठ अंशांचा फरक पडतो, वारा वेगळाच.

म्हणून सर्वांत वर वारा अडवणारा, पाणी न लागणारा, तरीही आतले बाष्प बाहेर सोडणारा कपडा हवा. खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पावसात खुरपणी केलेल्या कोणालाही ठाऊक असते की, पाऊस बाहेर राहिला तरी आतून माणूस घामाने भिजतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन तापवून झटक्यात ताणले आणि अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. तरीही या पडद्याला मर्यादा आहे. जोराच्या श्रमात घाम त्याच्या क्षमतेबाहेर जातो, त्यामुळे काखेत चेन असलेले जाकीट घ्यावे आणि काम सुरू होताच ती उघडावी.

यंत्राजवळ उभे राहायचे असल्याने कपड्यांची आणखी एक कसोटी आहे. काश्मिरी फेरन, म्हणजे लांब ढगळ अंगरखा, आणि त्याखाली धरायची निखाऱ्यांची कांगडी ही ऊब राखण्याची अत्यंत हुशार जोडी आहे, पण फिरती चाके आणि सरकत्या खुर्च्यांजवळ ढगळ फेरन जीवघेणा ठरू शकतो. लोंबणारा मफलर, जाकिटाच्या लांब दोऱ्या, मोकळे केस यांनाही तिथे जागा नाही. मफलरऐवजी गळ्यात नळीसारखी बसणारी पट्टी घालावी, आणि जाकिटाचे टोपडे डोक्यावर ओढल्यावर बाजूचे दिसणे व ऐकू येणे कमी होते हे ध्यानात ठेवावे.

पायांचा विषय मी मुद्दाम राखून ठेवला, कारण माझ्या मते पैशांचा सर्वांत मोठा वाटा बुटांवर खर्च व्हावा. थंडी वाढली की शरीर आतल्या अवयवांची ऊब जपण्यासाठी हातापायांच्या बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करते. उभ्या माणसाच्या पायाचे स्नायूही फारसे हलत नाहीत, आणि तळवे तर थेट बर्फाळ फलाटावर असतात. येथे जाड मोज्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण अंगाच्या भाराने तळव्याखालचा मोजा चपटा होतो आणि त्यातली हवा निघून जाते. सहज न दबणारा पदार्थ हवा. लोकर दाबून केलेला नमदा असा असतो, आणि तेवढ्याच जाडीच्या घट्ट रबरापेक्षा तो उष्णता तीन-चार पट कमी जाऊ देतो. म्हणूनच तळाशी रबर, वर चामडे आणि आत नमद्याचा वेगळा काढता येणारा बूट, अशी जोडी या कामात सर्वाधिक उपयोगी पडते. स्की करणाऱ्यांचे कडक प्लास्टिकचे बूट इथे निरुपयोगी आहेत. त्यात घोटा वळत नाही आणि फावडे मारता येत नाही.

माप घेताना जो जाड मोजा वापरायचा आहे तो घालूनच, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना बूट घालून पाहावा. आयुष्यभर चपला वापरलेल्या पायाचा चवडा अनेकदा रुंद असतो, आणि दुकानदाराने सांगितलेला नंबर त्याला आवळतो. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्तप्रवाह अडतो आणि पाय एका मोज्यापेक्षा अधिक गार पडतात.

तळाची पकड हा वेगळा मुद्दा आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारे शेजारी नसल्यामुळे तिथे शून्याखालीही द्रवासारखा पातळ थर असतो. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच तसे सुचवले होते. स्वस्त पीव्हीसीचा तळ थंडीत कडक होऊन या थरावरून सरळ घसरतो, मऊ राहणारे रबर मात्र खाचाखोचांत बसते. बुटाखाली लावायचे लोखंडी काटे बर्फावर उत्तम, पण नियंत्रण खोलीच्या लोखंडी पायऱ्यांवर तेच घात करतात, तेव्हा सहज काढता-घालता येतील असेच घ्यावेत. आणि फलाटावर उभे राहायच्या जागी रबरी चटई किंवा लाकडी फळी टाकून घ्यावी. महागड्या बुटात जे साधत नाही ते कधीकधी अशा फळीने साधते.

हातांसाठी बोटे एकत्र ठेवणारे मिटन अधिक उबदार असतात, पण बटण दाबायला आणि वॉकी-टॉकी धरायला पाच बोटांचे, तळव्याला चामडे लावलेले हातमोजे सोयीचे ठरतात. आत पातळ लोकरी हातमोजे असले की वरचे काढूनही उघड्या बोटांनी गोठलेल्या लोखंडाला हात लागत नाही. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते हा समज चुकीचा आहे, प्रौढाच्या त्वचेचा जेमतेम दहावा हिस्सा तिथे असतो. तरीही कान झाकावेतच. काळा चष्मा शौकाचा मानू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि उघड्या डोळ्यांना एका दिवसात बर्फांधळेपणा येऊ शकतो.

काम संपल्यावर बुटातील नमदा काढून वाळवणे हे अंघोळीइतके नित्याचे असावे. दिवसभरात पायांचा घाम त्यात मुरलेला असतो, बाहेरून तो कोरडा भासला तरी. काश्मिरात खोलीत बुखारी, म्हणजे पत्र्याची शेगडी, पेटलेली असते आणि नमदा तिच्या पत्र्याला टेकवून ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की लोकर करपते आणि बुटाचा डिंक सुटतो. हातभर अंतरावर दोरीला टांगावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि झोपण्यापूर्वी ते एकदा बदलावेत. नमद्याचे दोन जोड असतील तर एक पायात आणि एक दोरीवर असे आलटून पालटून वापरता येतात, आणि घरच्यांनी पिशवीत कोंबलेल्या त्या दुसऱ्या स्वेटरच्या जागेत हा दुसरा जोड सहज मावतो.