जर्मनचं, जर्मन सिल्व्हरचं आणि चांदीचं

चांदीचं ताट पालथं घालून तळ बघायची सवय सराफाला असते. घरच्यांना ती लागते मोड घालायची वेळ आल्यावर. तोवर ताटावर नाव, लग्नाची तारीख, माहेरचं आडनाव सगळं ठिपक्याठिपक्यांत घातलेलं असतं; टंच, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचा आकडा, तेवढा नसतो.

इंग्लंडात शुद्धता तपासून शिक्का मारायची, म्हणजे हॉलमार्कची, सोय फार जुनी. १३०० मध्ये बिबट्याचं तोंड आलं, १४७८ मध्ये वर्ष सांगणारं अक्षर, १५४४ मध्ये चालता सिंह. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. जहाजाचा नांगर दिसला तर तपासणी बर्मिंगहॅमची, १७७३ नंतरची.

खरा घोळ १८४० नंतरचा. त्या साली तिथे विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट निघालं आणि पुढे भांड्यांच्या तळाला ई-पी-एन-एस ही अक्षरं दिसू लागली: निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा. पुष्कळदा प्रत्येक अक्षर वेगळ्या ढालीत ठोकलेलं, लांबून थेट हॉलमार्क. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. चमच्याची पाठ वर्षानुवर्षं घासली गेली की आतला पिवळट धातू डोकावतो.

निकेल सिल्व्हर म्हणजेच जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही. चीनमधल्या पांढऱ्या मिश्रधातूची नक्कल एकोणिसाव्या शतकात जर्मनीत साधली, म्हणून हे नाव. आपल्याकडे गुंता दुहेरी, कारण बऱ्याच घरांत ‘जर्मनचा टोप’ म्हणजे ॲल्युमिनियमचा. हळदीकुंकवाच्या वाणाला ‘जर्मन सिल्व्हर’ची वाटी हाती आली की एक जाऊ तिला ॲल्युमिनियम समजते, दुसरी चांदी. दोघीही चुकतात, आणि दोष त्यांचा नाही. या धातूच्या नावात ‘सिल्व्हर’ राहू द्यायलाच नको होतं.

भारतात चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झालं, सोन्यानंतर पाच वर्षांनी. सोन्याला जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती झाली. चांदी ऐच्छिकच राहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक जोडला गेला. मोबाइलवर तो तपासता येतो. पण हॉलमार्क घ्यायचा की नाही, हे अजून विक्रेत्याच्या मर्जीवर. शिक्क्यात शुद्धतेचा आकडा असतो, ८०० पासून ९९९ पर्यंत, आणि शेजारी शब्द असतो तोच, ‘सिल्व्हर’. त्यामुळे शब्द सोडून आकडा वाचावा.

आजीच्या ताटावर यातलं काहीच नाही. तिथे सराफ अजूनही कड जराशी खरवडून कस लावतो, आणि घट धरून भाव सांगतो.