नेमल्या जागेवरचे धैर्य: एका शिकवणुकीची पार्श्वभूमी

‘देवाने तुला जिथे ठेवले आहे तिथेच त्याचा साक्षीदार हो’ हे वाक्य उपदेशात इतक्या सहज येते की ते जुने आणि निर्विवाद असावे असे वाटते. जुने ते आहेच, निर्विवाद मात्र नाही. याच वाक्यावर भरवसा ठेवून काहींनी जीव धोक्यात घातला आणि हेच वाक्य ऐकवून काहींना गप्पही बसवले गेले.

उपदेशक बहुधा बायबलमधल्या एस्तेरपासून सुरुवात करतात, तेव्हा आपणही तिथूनच निघू. पारसच्या राजाच्या शूशनमधल्या राजवाड्यातली ही यहूदी राणी सुरुवातीला धीट मुळीच नव्हती. यहूद्यांच्या संहाराचे फर्मान निघाले होते. तिला वाढवणारा नातलग मर्दखय त्या शोकात गोणपाट नेसून बसला आहे आणि तिने राजाकडे रदबदली करावी असे त्याला वाटते. तो तसा बसला आहे हे कळल्यावर तिने त्याच्यासाठी आधी कपडे पाठवले. मग नियम सांगितला: न बोलावता राजाच्या आतल्या चौकात जाणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे आणि मला तर तीस दिवसांत बोलावणे आलेले नाही. त्यावर मर्दखयाने दिलेले उत्तर आपण आज्ञेसारखे ऐकवतो, पण मूळ ग्रंथात तो प्रश्न आहे. अशाच वेळेसाठी तू राणी झाली नसशील कशावरून, कोणास ठाऊक? एस्तेरच्या इब्री ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही, हे इथे सांगण्यासारखे आहे. देवानेच तिला तिथे ठेवले अशी ग्वाही तिला कोणी दिली नव्हती. तिने तीन दिवस उपास केला, सगळ्यांना करायला लावला आणि मग ती उठली.

नव्या करारात धैर्यासाठी ‘पारेसिया’ हा ग्रीक शब्द येतो. अथेन्समध्ये तो नागरिकाचा हक्क होता, सभेत उभे राहून मोकळेपणाने बोलण्याचा. गुलामाला किंवा परक्याला तो नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात हाच शब्द पेत्र आणि योहान या न शिकलेल्या मासेमाऱ्यांसाठी वापरला आहे. त्या दोघांना पकडून, धमकावून सोडल्यावर मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, केलेली प्रार्थनाही पाहण्यासारखी आहे. धमक्या थांबव असे तिथे कोणी म्हणत नाही, धमक्या चालू असताना बोलण्याचे बळ मागितले जाते. पुढे प्रेषित पौलही बेड्यांत असताना इफिसकरांना तेच मागायला सांगतो. म्हणजे पहिल्या पिढीच्या लेखी धैर्य हा स्वभावाचा भाग नव्हता, ते मागून घ्यायचे होते.

खरा पेच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. ज्याला ज्या स्थितीत पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, झाले त्याने त्याच स्थितीत राहावे, असे पौल विसाव्या वचनात लिहितो आणि लगेच पुढच्या वचनात गुलामाशी बोलतो. स्वतंत्र होता येत असेल तर ‘उपयोग करून घे’, पण कशाचा? ग्रीक वाक्यात कर्मच नाही. काही भाषांतरकार ‘स्वातंत्र्याचा’ घेतात, काही ‘गुलामीचा’. एका गाळलेल्या शब्दावर पुढे अनेक शतके लोकांचे आयुष्य टांगून राहिले.

साधारण इ.स. 112 मध्ये बिथुनिया या रोमन प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला पाठवलेल्या पत्रात दोन गुलाम स्त्रियांचा उल्लेख आहे. मंडळीत त्यांना ‘सेविका’ म्हणत. ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी त्याने त्यांचा छळ केला. त्यांची नावेसुद्धा त्याने लिहिली नाहीत.

इ.स. 313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, त्यानंतर छळ ओसरला आणि निष्ठेची कसोटी अरण्यात, मग मठांत गेली. हळूहळू ‘पाचारण’ म्हणजे संसार सोडणे असाच अर्थ रूढ झाला. शेतकरी, सुतार, आई यांना काम होते, पाचारण नव्हते.

ही भिंत सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने पाडली. रोजच्या धंद्याला ‘पाचारण’ हाच शब्द त्याने लावला. जर्मन भाषेत ‘बेरूफ’चा आजचा अर्थ ‘व्यवसाय’ असा आहे, तो तिथूनच आला. पण मला त्याच्या सिद्धांतापेक्षा 1527 सालचे विटेनबर्ग, त्याचे गाव, जास्त बोलके वाटते. त्या ऑगस्टमध्ये गावात प्लेग शिरला. विद्यापीठ येनाला हलले. लूथर राहिला, त्याची गरोदर बायको काटरीना राहिली आणि त्यांच्या घरात रुग्ण ठेवले गेले. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारले होते की साथीतून पळून जाणे ख्रिस्ती माणसाला शोभते का. लूथरचे उत्तर सरसकट नाही. पाळक, नगराधिकारी, वैद्य यांनी हलू नये, कारण लोक त्यांच्यावर विसंबून आहेत. आईबापांनी लेकरांना सोडू नये. बाकीच्यांनी, शेजाऱ्याची सोय लागलेली असेल तर, खुशाल जावे, त्यात पाप नाही. आणि राहणाऱ्याने औषध घ्यावे, घर धुपवावे, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नये. बेफिकिरीला विश्वास म्हणणाऱ्यांना त्याने चांगलेच फटकारले आहे. जागेने ठरवलेली जबाबदारी इतक्या व्यवहारी शब्दांत क्वचितच कोणी मांडली असेल. मात्र याच लूथरने दोनच वर्षांपूर्वी उठाव करणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध किती कठोर लिहिले होते, तेही विसरता येत नाही.

दोनशे वर्षांनी, अटलांटिकच्या पलीकडे न्यू जर्सीत, जॉन वूलमन हा क्वेकर या ख्रिस्ती पंथातला तरुण दुकानात कारकून होता. मालकाने आपली एक गुलाम स्त्री विकली आणि त्याला विक्रीपत्र लिहायला सांगितले. गिऱ्हाईक समोर थांबलेले. वूलमनने ते लिहिले. लिहिल्यावर मात्र दोघांसमोर म्हणाला की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असे मला वाटते. काही काळाने दुसऱ्या एकाने तसाच कागद मागितला, तेव्हा त्याने नकार दिला. पुढे मृत्युपत्रे लिहितानाही गुलामांचा भाग तो लिहीत नसे, आणि ते काम चांगले पैसे देणारे होते. एका जखमी शेजाऱ्याचे मृत्युपत्र असेच अडले, कारण त्यात एका गुलाम स्त्रीचा भाग होता. बोलणे झाले, शेजाऱ्याने त्या स्त्रीला मुक्त करायचे मान्य केले आणि मग वूलमनने कागद पुरा केला. फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने 1776 साली गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना बाहेर काढायचे ठरवले, त्याआधी चारच वर्षे वूलमन वारला होता. पहिल्या वेळी त्याने सही-शिक्क्याचे काम केलेच होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. 1785 साली धार्मिक परिवर्तनानंतर तो राजकारण सोडण्याच्या विचारात होता, तेव्हा एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेल्या जॉन न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितले. गुलामांच्या व्यापारावर बंदी 1807 मध्ये आली. त्याच 1807 मध्ये, त्याच लंडनमध्ये, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्यातून इस्राएलाच्या मिसरातून सुटकेची कथा गाळली होती. धन्याच्या आज्ञेत राहण्याचे वचन ठेवले होते.

विसाव्या शतकात हा पेच पुन्हा उभा राहिला. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिश बोनहोफर 1939 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला सुखरूप पोचला होता. आपल्या लोकांबरोबर हा काळ सोसला नाही तर नंतरच्या उभारणीत भाग घेण्याचा हक्क मला उरणार नाही, असे म्हणून तो महिन्याभरात जर्मनीला परतला. नाझी राजवटीत त्याला 9 एप्रिल 1945 रोजी फाशी झाली.

ऑस्ट्रियातला फ्रान्झ येगरश्टेटर पुस्तके लिहिणारा नव्हता. शेतकरी होता, तीन मुलींचा बाप, गावच्या चर्चची देखभाल करणारा. हिटलरच्या सैन्यात लढायचे नाही असे त्याने ठरवले, तेव्हा लिंझच्या बिशपांनी त्याला समजावले: तुझी जागा घरात आहे, तुझे कर्तव्य कुटुंबाशी आहे, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे तुझे काम नाही. करिंथकरांच्या पत्राच्या सातव्या अध्यायातला तोच युक्तिवाद, आणि तोही चांगल्या मनाने केलेला. त्याने ऐकून घेतले, मानले नाही. 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्गला त्याचा शिरच्छेद झाला. कॅथलिक चर्चने त्याला 2007 साली धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेव्हा त्याची पत्नी फ्रान्झिस्का चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि समारंभाला हजर होती. मधली कित्येक वर्षे नवऱ्याच्या हट्टाचा दोष गावाने तिलाच दिला. त्याच गावात राहून तिने शेती केली, मुली वाढवल्या आणि चर्चच्या देखभालीचे नवऱ्याचे कामही स्वतःकडे घेतले.